दिवस मावळायच्या आत

अफरीननं लॅपटॉप मिटला, वायर गुंडाळून पिशवीत टाकली आणि ती उठली. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. आम्ही सगळे माना खाली घालून बसलो होतो. टेंडर भरायचा आठवडा होता, आणि त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात कुणी लवकर खुर्ची सोडत नसे. मी मगदूम साहेबांच्या केबिनकडं पाहिलं. दार उघडंच होतं. आता ते काहीतरी बोलतील असं मला वाटलं. त्यांनी बोलावं अशी इच्छाच होती म्हणा ना.

"निघालीस व्हय?" साहेबांनी आतून विचारलं.

"हो सर. दुसऱ्या मजल्यापर्यंत झालंय. उरलेलं उद्या."

"बरं बरं. सावकाश जा. मिरज रोडला ट्रक लई असतात."

बस्स, एवढंच. खाली तिची स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला. माझ्या हातातली लाल पेन्सिल कागदावर इतकी जोरात टेकली की टोक मोडलं.

सांगलीच्या कंत्राटदार मगदूमांच्या त्या ऑफिसात मी तेव्हा एकोणीस वर्षं काढली होती. काम क्वांटिटी सर्व्हेअरचं. हे सांगितलं की लोक विचारायचे, "म्हणजे मोजणी खात्यात का?" जमीन मोजणारी नव्हे हो, इमारत मोजणारी. तीसुद्धा उभी राहायच्या आधी, नुसत्या नकाशावर. खोदाई किती, काँक्रीट किती, सळई किती, विटा, गिलावा, फरशी, रंग, सगळं आधी काढून द्यायचं. कमी धरलं तर मालक बुडतो. जास्त धरलं तर काम दुसऱ्याला जातं. मोठाले नकाशे टेबलावर पसरायचे, स्केल धरून एकेक भिंत मोजायची आणि मोजली की तिच्यावर लाल खूण करायची, म्हणजे तीच भिंत दोनदा धरली जात नाही. चार मजली इमारत असली की आठवडेच्या आठवडे त्यात जायचे.

मी लागले तेव्हा त्या ऑफिसात दुसरी बाई नव्हती. पहिल्याच दिवशी खर्चाचा अंदाज काढणाऱ्या जुन्या एस्टिमेटरनं मला ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "बाईमाणूस. सहा वाजले की पर्स उचलणार." त्याच दिवशी मी ठरवलं, मला पर्स उचलताना इथं कुणी बघायचं नाही. शेवटचा पुरुष उठल्याशिवाय मी उठले नाही. मुलाच्या वेळी आठव्या महिन्यापर्यंत साइटवर जात होते. तो एस्टिमेटर निवृत्त झाला आणि त्याच्या खुर्चीत मी बसले. साहेब स्टूल ओढून माझ्या टेबलाशी यायचे, चहाचा कप नकाशाच्या कोपऱ्यावर ठेवायचे आणि विचारायचे, "सुलक्षणाताई, काय वाटतंय? घ्यावं का हे काम?" मी नको म्हटलं की ते घेत नसत. घरातल्या माणसांचंही ते इतकं ऐकत नव्हते.

मग अफरीन मुजावर आली. मूळची मिरजेची. पुण्यात एका मोठ्या फर्ममध्ये तीनेक वर्षं काम करून परत आलेली. ती नकाशावर रेघ मारत नसे. ती कॉम्प्युटरमध्ये इमारतच उभी करायची. खांब, तुळया, स्लॅब, भिंती, दारं, खिडक्या. एखाद्या भिंतीवर बोट ठेवलं की भिंत निळी व्हायची आणि तिची लांबी, तिचं वीटकाम, तिचा गिलावा, सगळं बाजूला उमटायचं. माझा आठवडा ज्यात जायचा ते तिचं जेवणाच्या सुट्टीच्या आत व्हायचं.

साहेबांना तर वेडच लागलं. तिच्यामागं उभं राहून ते म्हणायचे, "जरा मागून दाखव. मागून, मागून. आता वरनं." आणि ती इमारत गरगर फिरवायची. स्टूल केव्हा माझ्या टेबलापासून तिच्या टेबलाकडं गेलं ते मला कळलं नाही. कळलं तेव्हा ते तिथं रुळलं होतं.

ती गोड बोलायची. मला अदबीनं "मॅडम" म्हणायची, डब्यातलं पुढं करायची, आमचं खाणंपिणं वेगळं म्हणून आधी विचारून घ्यायची. त्यामुळं आणखी पंचाईत. उद्धट असती तर सोपं गेलं असतं. तिचं सगळंच माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं. चष्मा न लागलेले तिचे डोळे, टेबलावर एकही नकाशा नसणं, फोनवर मोठ्यानं हसणं. आणि सगळ्यात जास्त ते उठून जाणं. ऊन असताना, सगळ्यांच्या देखत, पर्स खांद्याला लावून.

एकदा मी विचारलं, "घरी कुणी आजारी असतं का गं?"

"नाही मॅडम. का?"

"रोज लवकर जातेस म्हणून."

"बॅडमिंटन असतं." ती हसली. "मिरजेला कोर्ट आहे ना, तिथं आमचा ग्रुप आहे. उशीर झाला की मला घेत नाहीत खेळायला."

बॅडमिंटन! आई अंथरुणाला खिळलेली नाही, तान्हं मूल नाही, नवरासुद्धा नाही. मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

टेंडर होतं एका ट्रस्टच्या रुग्णालयाचं, जयसिंगपूरच्या वाटेवर. आमच्यासाठी आजवरचं सगळ्यात मोठं काम. साहेबांनी ठरवलं, या वेळी आकडे अफरीन काढेल आणि ताई फक्त दर लावतील. 'फक्त' हा शब्द त्यांचाच. पण नकाशे मीही मागून घेतले आणि माझ्या पद्धतीनं मोजायला बसले. कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या आकड्यांशी माझे आकडे लावून बघायचे होते.

आणि सांगायला वाईट वाटतं, तिचे आकडे चोख होते. काँक्रीट जुळत होतं. वीटकाम जुळत होतं. सळईत माझंच एका ठिकाणी चुकलं होतं. मी ओळीमागून ओळ खाली जात होते आणि प्रत्येक बरोबर ओळीला जीव खट्टू होत होता. मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी मला ते सापडलं. भराव!

इमारतीच्या मागं ओढा होता. जमीन त्या बाजूला पुरुषभर उतरते. साइट मी स्वतः पाहिली होती. जोत्याखाली मुरमाचा मोठाच भराव घालावा लागणार होता. अफरीननं इमारत सपाट जमिनीवर उभी केली होती. मॉडेलमध्ये भराव नव्हता, म्हणून यादीतही नव्हता. ती चूक तशीच गेली असती तर काम आमच्या अंगावर आलं असतं.

त्या संध्याकाळी मी फार आनंदात होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघंच होतो. अफरीननं स्क्रीन फिरवून एकेक बाब सांगितली. साहेब मान डोलावत होते. तिचं संपेपर्यंत मी थांबले. मग म्हणाले, "आणि भराव?"

"कुठला भराव, मॅडम?"

"जोत्याखालचा. मागं ओढा आहे. जमीन उतरती आहे. जागेवर गेली होतीस का?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. किती दिवसांनी त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं होतं! अफरीन आता लाल होईल, चाचरेल, असं मी धरून चालले होते. ती स्क्रीनवर वाकली, इमारत उलटी करून खालून पाहिली आणि म्हणाली, "अरे हो. नाहीच आहे. मी सपाटच धरलं. जमिनीच्या लेव्हल्स आहेत तुमच्याकडं?"

"आहेत."

"द्या ना."

वहीतलं पान मीच फाडून तिच्यापुढं ठेवलं. साहेबांनी चहा सांगितला. ती आकडे घालत गेली, आणि पडद्यावरची जमीन मागच्या बाजूला हळूहळू खाली गेली. चहा आला तेव्हा भराव यादीत बसला होता.

"झालं. बरं झालं सांगितलंत मॅडम, वाटच लागली असती."

"बघा!" साहेब मांडीवर थाप मारून म्हणाले. "दोघी मिळून काय झकास काम होतंय! घ्या, चहा घ्या."

माझा विजय चहा येईपर्यंतही टिकला नाही.

बाहेर आल्यावर ती माझ्या टेबलाशी आली. या वेळी हसत नव्हती.

"मॅडम, हे तुम्हाला आज सकाळी कळलं?"

"काल."

"काल मी इथंच होते."

"तू गेली होतीस," मी म्हणाले. "बॅडमिंटनला."

"फोन होता ना माझ्याकडं."

"मीटिंग कशासाठी असते मग? आणि तू जागेवर न जाता आकडे काढणार, आम्ही तुला फोन करत बसायचं?"

"जागेवर जायला पाहिजे होतं. चुकलं माझं. ते मी सरांसमोर बोलले," ती म्हणाली. "पण तुमचा राग त्याचा नाही. मी आल्यापासून बघतेय. मी काय केलंय तुमचं?"

शेजारच्या टेबलावर टायपिंग थांबलं होतं. मला आवाज खाली ठेवायचा होता, पण तो राहिला नाही. कामाबद्दल बोलावं, तिच्या मशीनबद्दल बोलावं, साहेबांच्या 'फक्त'बद्दल बोलावं, एवढं सगळं मनात साठलं होतं. तोंडातून भलतंच आलं.

"रोज उन्हाचं उठून जातेस. टेंडर असो, काही असो. कुणाला विचारून जातेस गं तू?"

तिला प्रश्नच कळला नसावा.

"कुणालाच नाही. माझं त्या दिवसाचं काम झालेलं असतं." मग तिनं विचारलं, "तुम्ही कुणाला विचारून थांबता?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. साहेबांनी मला कधी थांब म्हटलं नव्हतं. तो जुना एस्टिमेटर तर केव्हाच वारला होता.

"जा, काम कर," मी म्हणाले.

टेंडर भरायच्या आदल्या दिवशी सकाळी आर्किटेक्टचा फोन आला. ट्रस्टनं नकाशा बदलला होता. रुग्णांचा वॉर्ड पूर्वेला फिरवला होता, आणि त्यामुळं खांबांपासून जिन्यापर्यंत सगळंच हललं होतं. पूर्वी असं झालं की मी घरी फोन करायचे, "माझी वाट बघू नका," आणि नकाशे नव्यानं पसरायचे. त्या दिवशीही हात फोनकडं गेला. पण अफरीननं नवा नकाशा उघडला होता आणि ती मला विचारत होती, "मॅडम, माझ्याजवळ बसता का? मी फिरवते, तुम्ही बघा काय सुटतंय."

मी खुर्ची घेऊन गेले. आमच्यात ते भांडण होतंच, ते काही मिटलं नव्हतं. पण काम सुरू झालं. ती वॉर्ड फिरवायची, मी म्हणायचे, "या बाजूला आता ऊन येणार, छज्जे वाढवलेत का बघ. संडासाचे पाइप आता कुठून नेणार? तिथं चर खणावा लागेल." तिला हे सुचायचं नाही, मला तिचा वेग झेपायचा नाही. जेवणानंतर मी दर लावले. कागद बांधून साहेबांच्या सह्या झाल्या तेव्हा खिडकीतून ऊन तिरपं आत येत होतं, आणि करायला काही उरलं नव्हतं.

पुढचं सांगूनच टाकते. ते काम आम्हाला मिळालं नाही. कोल्हापूरच्या एका पार्टीनं आमच्यापेक्षा कमी भरलं. साहेब चार दिवस चिडचिडले, मग दुसऱ्या टेंडरला लागले. अफरीन पुढं दोन वर्षं आमच्याकडं होती. तिच्याकडून मी ते मॉडेल करायला शिकले. मला वेळ लागला आणि ती माझ्यावर वैतागायची. मग लग्न होऊन ती मस्कतला गेली. आता माझ्या हाताखाली तिघं आहेत, नकाशावर लाल खूण करणारं कुणी नाही, आणि परवा साहेबांच्या मुलानं असं काहीतरी आणलंय की नकाशा नुसता दाखवला की ते आपणच मोजतं. तिघं धास्तावलेत. बघू.

पण मला सांगायचंय ते त्या दिवसाचं.

करायला काही नव्हतं, तरी मी बसून होते. एक जुना नकाशा पसरला आणि स्केल हातात घेतलं. कशासाठी ते मलाच माहीत नव्हतं. अफरीन पर्स खांद्याला लावून उठली आणि माझ्या टेबलाशी थांबली.

"निघताय, मॅडम?"

मी केबिनकडं पाहिलं. साहेब फोनवर कुणाशी तरी हसत होते. त्यांचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. मी पर्स उचलली.

विश्रामबागला आमचं घर आहे. ऑफिसपासून लांब नाही. तो रस्ता मी उजेडात कधी बघितलाच नव्हता असं नाही, सकाळी रोज बघायचे. पण संध्याकाळी तो वेगळाच होता. कोपऱ्यावर भेळेचा गाडा लागायचा हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या कुंदाताईंनी फाटकातून मला पाहिलं आणि घाबरून विचारलं, "काय झालं हो? सगळे बरे आहेत ना?"

आम्ही जैन. माझ्या सासूबाई दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नाहीत, त्यामुळं घरातली जेवणं उजेडात होतात. मी सोडून सगळ्यांची. माझं ताट झाकलेलं असायचं आणि मी ते आल्यावर एकटी जेवायचे. सासूबाई त्यावरून कधी एक शब्द बोलल्या नाहीत. मी ते माझं नशीब समजायचे. मैत्रिणींना सांगायचे, अशी सासू मिळायला पुण्य लागतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत हसण्याचा आवाज येत होता. चपला काढताना मी थबकले, कारण त्यातलं एक हसणं मला ओळखता येईना. ते सासूबाईंचं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं.

स्वयंपाकघरात तीन ताटं मांडलेली होती. यजमान भूपाल भाकरी वाढत होते. ते हायस्कूलला शिकवतात, साडेपाचला घरी येतात, हे मला माहीत होतं. ते रोज भाकऱ्या वाढतात हे माहीत नव्हतं. आमचा मुलगा सन्मती नववीत होता, त्याच्या ताटात त्यांनी न विचारता वांग्याच्या फोडी बाजूला काढून नुसता रस्सा वाढला. सासूबाई डोळे पुसत म्हणत होत्या, "मग घसरे बँकेत गेला की नाही शेवटी?"

"गेला की," सन्मती म्हणाला. "पण फरशी पुसलेली होती, आज्जी."

परत तिघंही हसत सुटले. भूपालांच्या हातातली भाकरी हलत होती.

मग त्यांना मी दिसले. हसणं थांबलं. कुणी मुद्दाम थांबवलं नाही, आपोआप थांबलं.

"अगं, बरं नाही का?" भूपाल पुढं आले आणि त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला.

"कामावरनं काढलं का काय तुला?" सन्मतीनं विचारलं.

"काम झालं म्हणून आले."

अफरीनचा मला इतके दिवस हेवा वाटत होता. तिच्या खुर्चीचा, स्टुलाचा, साहेबांच्या कौतुकाचा, असं मी समजत होते. दारात उभी असताना मला कळलं की त्यातलं काहीच नव्हतं ते. तिच्याकडं संध्याकाळ होती. आणि इथं, माझ्याच घरात, माझी संध्याकाळ या तिघांनी वापरून टाकली होती. मला आता भूपालांचा हेवा वाटत होता. वांग्याच्या फोडी बाजूला काढणाऱ्या त्या हाताचा.

सासूबाईंनी पाट थोडा सरकवला. "उभी का? हातपाय धू आणि बस. दिवस आहे अजून."

चौथं ताट काढायला भूपाल वळले. मी सन्मतीशेजारी बसले. पुढ्यात भाकरी आली, रस्सा आला, मिरचीचा ठेचा आला, सगळं गरम. जेवण सुरू झालं आणि सगळे माझ्यासमोर पाहुण्यासमोर जेवावं तसे गुपचूप जेवायला लागले. ते मला सहन होईना.

"घसरे कोण?" मी विचारलं.

सन्मतीनं बापाकडं पाहिलं.

"काही नाही गं," भूपाल म्हणाले. "असंच आमचं."

"कोण आहे पण?"

"आई, लई मोठं आहे ते," सन्मती म्हणाला. "पहिल्यापासून सांगावं लागेल. नुसतं आजचं सांगून तुला हसू येणार नाही."

"मग पहिल्यापासून सांग."

त्यानं पुन्हा बापाकडं पाहिलं, मग आजीकडं. सासूबाईंनी खिडकीबाहेर नजर टाकली. समोरच्या गच्चीवर अजून ऊन होतं.

"सांग की तिला," त्या म्हणाल्या.

"बरं." पाणी पिऊन त्यानं मांडी नीट घातली. "मी चौथीत होतो बघ, तेव्हा एकदा…"

"चौथीत नव्हे रे," सासूबाई म्हणाल्या. "तिसरीत. तुला गोवर आला होता तेव्हाचं ते."

"हां, तिसरीत. बरोबर."

मला तिसरी आठवेना, आणि चौथीही. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि ऐकू लागले.